मामाची जागा

उस्मानाबाद,
११ फेब्रुवारी १९७४

ती. आक्कास,
व्यंकटचा साष्टांग नमस्कार.

पुतळाचं लग्न ठरलं ही बातमी मला तुमच्याकडून कळायला हवी होती. ती कळली एसटी स्टँडवरच्या चहावाल्याकडून. तेरची सोयरीक आहे, मुलाचं नाव रामलिंग, घरची थोडी बागायत आहे आणि वैशाखात बार उडवायचा आहे, हे सगळं त्याला ठाऊक. मीच सख्खा मामा, आणि मीच विचारतोय की मुलगा करतो काय! चहावाला माझ्याकडे बघून हसला. त्याचं काही चुकलं नाही.

असो. मामाचा मान मला माहीत आहे. पुतळाची पिवळी साडी मी आणीन. तिचा हात धरून बोहल्यावर आणायचं आणि अक्षता संपेपर्यंत पाठीशी उभं राहायचं, हे माझं काम आहे. ते मी करणार.

आता दुसरी गोष्ट. तीही माझंच काम आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं सोसायटीच्या गोदामावर चालून गेली. त्या गर्दीत राखणदार खाजामियाँ डोक्यात पहार बसून मेला. चेअरमननी फिर्यादीत नाव दिलं ते मच्छिंद्रदाजींचं. दाजी त्याच दिवशी पळाले. निर्दोष माणूस पळत नाही, असं कोर्ट धरून चालतं. त्यांना धरून देणाऱ्याला सोसायटीनं इनाम लावलं आहे, पण इनामाचं मला फारसं नाही. माझ्या ताब्यातला आरोपी लातूरच्या स्टँडवरून निसटला म्हणून माझा पोलिसाचा पट्टा गेला, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून मी पळालेली माणसं आणून देतो आहे. साहेबांनी शब्द दिला आहे: मच्छिंद्र आणलास तर तुझे कागद वर पाठवतो, नोकरी परत.

दाजींना निरोप धाडता येत असेल तर धाडा. माझ्याबरोबर ठाण्यात आले तर त्यांच्या अंगाला कोणी बोट लावणार नाही. आले नाहीत, तर मी नातं बघणार नाही.

पुतळास आशीर्वाद.

आपला,
व्यंकट


निंबळवाडी,
१९ फेब्रुवारी

व्यंकट यास,

नमस्कार पाठवलास तो परत घे. आशीर्वाद द्यायला माझ्याजवळ काही शिल्लक नाही.

आणि हे 'तुम्ही' कुठं शिकलास रे? ठाण्यात? आई गेली तेव्हा तुझं नाक माझ्या पदराला पुसायचास, तेव्हा मी 'तू' होते. शाळेतून आलास की चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर अक्षरं काढायचास आणि मला गिरवायला लावायचास. त्याच अक्षरात आज तुला लिहिते आहे. असा उपयोग होणार हे तेव्हा कळलं असतं तर शिव्या आधी गिरवून घेतल्या असत्या.

तुला गावात इनामदार म्हणतात, ठाऊक आहे का? मळा नाही, वाडा नाही, आणि इनामदार! पोरंसोरंसुद्धा म्हणतात. मी ऐकते आणि पाणी भरत राहते.

सोयरीक बघायला तेरची माणसं आली होती. त्यांनी मला तुझा पराक्रम सांगितला. बाप मेला म्हणून एक फरारी पोरगा दहाव्याला तेरणेच्या काठावर आला. पिंड मांडलेला, कावळा शिवेना. सगळं गोत हात जोडून आभाळाकडे बघतंय, आणि तू बाभळीमागून निघालास आणि त्याच्या मनगटाला दोरी लावलीस. तुला अर्धा तास दम धरवला नाही? मग कावळा काही शिवलाच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून लावला म्हणे. म्हातारा तसाच अडकून राहिला आणि तू मोटारीत बसून गेलास.

व्याह्यांनी मला विचारलं, "त्यो तुमचाच भाऊ का?"

मी म्हटलं, "व्हता."

तर ऐक. माझ्या लेकीच्या पाठीशी तुझी सावली नको. ज्या हातानं दहाव्यातून पोरगा उठवलास त्या हातानं तिला बोहल्यावर आणू नकोस. मामा नसलेल्या मुलींचीही लग्नं होतात.

तुझ्या दाजीविषयी म्हणशील तर मला पत्ता माहीत नाही. असता तरी जीभ तोडून दिली असती. ते माणूस मारणारे नाहीत. खाजामियाँ आणि ते एका ताटात जेवणारे. चेअरमन दुष्काळात वाटायला आलेला मिलो, ती तांबडी ज्वारी, ट्रॅक्टरनं बार्शीला पाठवत होता, पोती जाताना आम्ही आमच्या डोळ्यांनी बघितली, म्हणून माणसं गोदामावर गेली. मिलो वाटायचा ठराव सोसायटीला कधी करता आला नाही. माणूस धरायचा ठराव मात्र एका बैठकीत झाला.

केशर


उस्मानाबाद,
६ मार्च

ती. आक्कास,
नमस्कार. घ्यायचा नसेल तर घेऊ नका.

तुम्ही रागानं लिहिलंत, आणि रागात माणूस हवं ते सांगून जातो. 'ते माणूस मारणारे नाहीत' असं लिहिलंत. 'मारणारे नव्हते' असं नाही, 'नाहीत'. वर्षभर ज्याची खबर नाही त्याच्याविषयी बाई इतक्या खात्रीनं लिहीत नाही. दाजी जिवंत आहेत, आणि त्यांचा निरोप तुम्हाला येतो. एवढं मला पुरलं.

आणखी एक. कळंबच्या बाजारात तुम्ही लाल पटका घेतलात. उन्हात धरून पोत बघितलात आणि चांगल्यातला घेतलात. नवरदेवाचा फेटा तेरची माणसं आणणार. तुमच्या घरात पुरुष नाही. मग पटका कोणाच्या डोक्याला?

मी कोणाच्या मागे धावत नाही, आक्का. धावणाऱ्याला सगळं शिवार मोकळं असतं. मी कार्याला जाऊन बसतो. बारसं असो, दहावा असो, लग्न असो, माणूस स्वतःहून चालत येतो. बापाचा दहावा चुकवला असता तर तो पोरगा आजही मोकळा असता. एकुलती एक लेक बोहल्यावर चढताना दाजी कुठं असतील, हे मला चेअरमननी सांगायची गरज नाही.

म्हणून पुन्हा सांगतो. लग्नाच्या आधी त्यांना हजर करा. लग्नात दोरी लावायची वेळ माझ्यावर आणू नका. ती मी लावीन.

व्यंकट


निंबळवाडी,
१५ मार्च

व्यंकट यास,

शाबास. बाजारात बहिणीच्या पिशवीत काय आहे ते बघायला माणसं ठेवलीस. आता चूल कधी पेटवते तेही लिहून घे.

पटका घेतला. होय, चांगल्यातला घेतला. तो पुतळाच्या मामासाठी आहे.

डोळे मोठे करू नकोस. तुझ्या जागी कोण उभा राहणार ते तुला कळायलाच हवं, म्हणून सांगते. भूमकडचा पिराजी म्हणून आहे. खडीच्या कामावर माझ्या शेजारी बसायचा. घण मारून माझ्या हाताला फोड आले की माझ्या वाटणीचा ढीग तोच फोडायचा. नागपंचमीला मी त्याला भाऊ मानला. बोलायला कमी आहे, पण कोणाला दोरी लावलेली नाही. मामाच्या मानाचं पान मी त्याला दिलं. तो हात धरून पुतळाला आणील आणि तिच्या पाठीशी उभा राहील. तुला सोसत नसेल तर डोळे मीट.

तेरची माणसं तुझ्यासारखी नाहीत. मनानं मोठी आहेत. व्याही म्हणाले, "तुमची जी मानसं लांब हाईत, त्यांची काळजी तुमी करू नका. आमच्या वऱ्हाडाच्या गाडीत समद्यास्नी जागा हाय." परकी माणसं असं बोलतात आणि पाठचा भाऊ दोरी घेऊन बसतो.

खाजामियाँच्या ज्या बायकोला तुम्ही सगळे विधवा, विधवा म्हणून पुढं करता, ती कुलसुमबी रोज माझ्या ओसरीवर शेवया वळायला येते. तिच्या नवऱ्याला माझ्या नवऱ्यानं मारलं असतं तर ती माझ्या घरचं पाणी तरी प्यायली असती का? तिला कोणी विचारलं? तू विचारलंस? तुझ्या साहेबानं?

केशर


उस्मानाबाद,
२ एप्रिल

आक्का,

मानलेला भाऊ.

आईनं जाताना माझा हात तुमच्या हातात दिला होता. तुम्ही तो खडीच्या ढिगावरच्या कोणा पिराजीला देऊन टाकलात. चांगलं केलंत.

मी मांडवात पाय ठेवणार नाही. तुमच्या त्या पिराजीची चौकशी करायला मला सवड नाही आणि त्याचं तोंड बघायची इच्छा तर मुळीच नाही. त्याला माझ्या जागी उभं करा, पटका बांधा, मिरवा. पुतळासाठी पिवळी साडी घेऊन ठेवली होती. ती आता इथंच पेटीत राहील.

मी वेशीत बसेन. निंबळवाडीला यायला एकच गाडीवाट आहे आणि ती वेशीतून जाते. सोबत दोन शिपाई आणि जीप असेल. तेरच्या वऱ्हाडाची मी नीट वाट बघणार आहे. तुमच्या व्याह्यांच्या मोठ्या मनात कोणाकोणाला जागा आहे ते मला बघायचं आहे.

कुलसुमबीविषयी लिहिलंत. बायका शेवया वळताना काय बोलतात त्यावर खटले चालत नाहीत.

व्यंकट


निंबळवाडी,
२० एप्रिल

व्यंकट यास,

लग्नाचं पान पाठवत नाही. रुसलेल्या मामाला वाजत गाजत समजवायला जातात, तसं कोणी येईल म्हणून वाट बघू नकोस. वाजंत्री तुझ्यासाठी नाही.

वेशीत बस. मारुतीच्या पाराला दुपारी सावली नसते, डोक्याला काहीतरी आण. पाणीही आण. गावातलं कोणी देईल असं वाटत नाही.

केशर


निंबळवाडी,
१४ मे

चि. व्यंकट यास,
अनेक आशीर्वाद.

आज आशीर्वाद द्यावासा वाटतो, कारण आज माझं पोट भरलं आहे.

लग्न झालं. पुतळा तेरला नांदायला गेली. तू वेशीत बसलास, शब्दाला जागलास, ते सगळ्या गावानं बघितलं. तेरची मोटार आली तशी तू दारात उभा राहिलास आणि एकेका वऱ्हाड्याचं तोंड उन्हात वळवून बघितलंस. नवरदेवाच्या आजीला खाली उतरवून सीटखाली वाकलास. ती म्हातारी तुझ्या बुटाशेजारी थुंकली, ती मुद्दाम थुंकली हो, चुकून नाही. तेरखेड्याचा महेबूब दारूकाम घेऊन आला तर त्याच्या टोपल्या रिकाम्या करवल्यास. त्यात नळे आणि भुईचक्रं निघाली. तुझा दाजी काही निघाला नाही.

कसा निघेल? तो वऱ्हाडाच्या कितीतरी आधी घरात होता.

'समद्यास्नी जागा हाय' हे वाक्य व्याही बोललेच नव्हते. ते मी तुझ्यासाठी लिहिलं. मला माहीत होतं, तू एवढं एक वाक्य बाजूला काढशील आणि बाकीच्या पत्राकडे बघणार नाहीस. रागात माणूस हवं ते सांगून जातो, असं मला शिकवत होतास ना? मग मी रागातच लिहिलं.

पुतळाची हळद तिच्या बापानं दळली. बायका हसत होत्या, पुरुषानं जात्याला हात लावला म्हणून. ते एका बाजूला आणि पुतळा दुसऱ्या बाजूला, दोघांच्या हातात एकच खुंटा. मी आत जाऊन रडून घेतलं आणि बाहेर येऊन पाहुण्यांना गूळपाणी दिलं.

आता बसून वाच, उभ्यानं वाचू नकोस. ब्राह्मणानं विचारलं, "मामा कोण?" मांडवात अख्खं गाव. ज्यांनी त्यांच्याबरोबर खडी फोडली ते, ज्यांच्याशी बांधावरून भांडले ते, सगळेच. कोणी कोणाकडे बघितलं नाही. सगळ्यांनी एका तोंडानं सांगितलं, "पिराजी." आणि ज्याला धरायला तू जीप आणली होतीस तो लाल पटका बांधून, शेमला तोंडावरून घेऊन, लेकीचा हात धरून बोहल्यावर आला. अक्षता संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहिला. तू कोपरा न् कोपरा राखलास. विहिरीवर शिपाई, वेशीत जीप. राखली नाहीस ती एकच जागा, तुझी स्वतःची.

पिराजी म्हणून कोणी नाही. भूमला जाऊन शोध हवं तर.

तुला एक खरं सांगते, आता सांगायला हरकत नाही. तीन महिने मला एकाच गोष्टीचं भय होतं. तुझ्या शिपायांचं नाही. तू एक दिवस दारात येशील, म्हणशील, 'आक्का, चुकलो, मला माझ्या जागी उभा राहू दे,' याचं भय होतं. तसा आला असतास तर मी काय केलं असतं? पिराजीला कुठं उभं केलं असतं? तुझ्या तोंडावर दार लावता आलं नसतं मला. सगळा डाव तिथंच मोडला असता. पण मी तुला वाढवलंय. तू येणार नाहीस याची खात्री होती. तुझ्या ताठ्यानंच माझ्या लेकीचं लग्न पार पाडलं.

ते आता गेले. कुठं, ते विचारू नकोस. हे पत्र साहेबाला दाखव, माझी ना नाही. 'मी वेशीत बसलो होतो आणि आरोपी माझ्या जागी उभा होता' असं सांगायला जीभ रेटली तर अवश्य सांग.

तुझी,
केशर


उस्मानाबाद,
३ जून

आक्का,

तुझं पत्र वाचून हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. पत्र चुलीत घातलं. ते साहेबांसाठी नव्हतं.

तू मला वाढवलंस, खरं आहे. पण तुझी खात्री अर्धीच बरोबर होती.

वेशीत बसलो. म्हातारी थुंकली, तेही खरं. वऱ्हाड आत गेलं आणि गाडीत दाजी नव्हते, तेव्हा मला कळायला हवं होतं. पण मी आपला वाटेकडे बघत बसलो. मग मंगलाष्टकं सुरू झाली. पारावर आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मला एकदम आठवलं, पुतळा लहान असताना मी गावी आलो की माझ्या बुटात पाय घालून अंगणभर खडखड करत फिरायची. शिपायांना म्हटलं, पाणी पिऊन येतो. तू लिहिलं होतंस तसंच झालं होतं, गावातलं कोणी पाणी दिलं नव्हतं.

मागच्या बोळानं आलो. गुरांच्या कुडाआड उभा राहिलो. एकदा पोरीला बघायचं आणि परत जायचं, एवढंच मनात होतं. पुतळा दिसली. अंगावर पिवळी साडी होती, ती माझी नव्हती. तिच्या पाठीशी लाल पटका. तुझ्या त्या पिराजीचं तोंड बघायचं नाही असं मी तुला लिहिलं होतं ना? मी ते पाळलं. त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, मान खाली घातली. म्हणून पाय दिसले.

डाव्या पायाचा अंगठा नव्हता.

विहिरीचा सुरुंग उडाला तेव्हा तो अंगठा गेला. तेव्हा दाजींना खांद्यावर टाकून कळंबच्या दवाखान्यापर्यंत कोणी नेलं होतं, ते आठवतं का? त्यांचं रक्त माझ्या पाठीवरून खाली येत होतं आणि ते मला म्हणत होते, "लई जड हाय का रं मी?" तू पटक्याचा पोत बघितलास, शेमल्याचा विचार केलास. पायात काही घालायचं तुझ्या ध्यानात आलं नाही. बोहल्यावर वहाणा चालत नाहीत, हेही खरंच.

शिट्टी खिशात होती. हात शिट्टीवर होता. नोकरी एका फुंकेवर होती, आक्का. हे तुला कळावं म्हणून लिहितो. एक फुंक, आणि मी परत खाकीत असतो.

मागून कोणीतरी दंडाला धरलं. कुलसुमबी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मांडवाकडे बघितलं, शिट्टीवरच्या हाताकडे बघितलं. मी तिला विचारलं, "खाजामियाँला कुणी मारलं?" का विचारलं कोण जाणे. वर्षभर मला ते विचारायचं सुचलं नव्हतं.

ती म्हणाली, "येवढे दिस कुनी इचारलं न्हाय बाबा. आता मामा हायेस तर आधी अक्षता टाक. मंग सांगते."

तिनं तिच्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता माझ्या हातात दिल्या. शिट्टी सोडल्याशिवाय त्या घेता येईनात. शेवटचं मंगलाष्टक संपलं, महेबूबचे नळे उडाले आणि मी कुडावरून अक्षता टाकल्या. पुतळापर्यंत पोचल्या की नाही, माहीत नाही. दाजींच्या पटक्यावर थोड्या पडलेल्या दिसल्या. ते रडत होते. मामा त्या वेळी रडत नसतो आक्का, बाप रडतो. पुढच्या वेळी माणूस लपवशील तेव्हा हे ध्यानात ठेव.

ठाण्यात जाऊन साहेबांना सांगितलं, कोणी आलं नाही. साहेब म्हणाले, नोकरीचं नाव यापुढं काढू नकोस.

कुलसुमबीनं मला सगळं सांगितलं. खाजामियाँनं गोदामाचं कुलूप स्वतः काढलं होतं, लोकांना मिलो घेऊ द्या म्हणाला, आणि पहार मारली ती चेअरमनच्या माणसानं. आत दोन पोत्यांच्या आडून तिनं डोळ्यांनी बघितलं. गेला पंधरवडा मी तिला घेऊन ठाण्यात जातो. साहेब आत बसतात आणि आम्हाला व्हरांड्यात बसवतात. संध्याकाळी परत यायचं, सकाळी परत जायचं. मी पळालेली माणसं आणून द्यायचो, तेव्हा दार लगेच उघडायचं. न पळालेलं माणूस आणलं की उघडत नाही. पण कुलसुमबी म्हणते, "म्या बसते. मला कुठं शेवया वळायच्या हाईत आता?" बसेल ती. मीही बसेन. मला दुसरं काम राहिलेलं नाही. साहेब कधीतरी बाहेर येतीलच.

दाजींना एवढं कळव. एवढ्यात गावाकडे फिरकू नका म्हणावं. आणि वहाणा घाला म्हणावं.

पिवळी साडी कुलसुमबी गावी येईल तेव्हा तिच्या हाती पाठवतो. पुतळाला सांग, मामानं उशिरा दिली.

आता शेवटचं. मी तुला माफ केलं असं समजू नकोस. तू मला पत्रात गंडवलंस त्याचं काही नाही, तो तुझा हक्क होता. पण तू व्याह्यांना 'व्हता' म्हणालीस. ते माझ्या डोक्यातून जात नाही. व्हरांड्यात बसलो की तेच आठवतं. आणि माझी जागा दिलीस. ज्याला दिलीस तो बाप होता म्हणून गप्प बसलो, दुसरा कोणी असता तर मांडव पाडला असता.

पुतळाला भाऊ नाही. तिला मूल झालं की जावळ काढायला मामाच्या मांडीचा मान माझ्याकडेच येतो, पिराजीकडे नाही आणि दाजींकडेही नाही. त्या दिवशी मी निंबळवाडीला येणार, वेशीत बसणार नाही, सरळ ओसरीवर येऊन मांडी घालणार. तिथं कोणी दुसरा बसलेला दिसला तर शिट्टी अजून माझ्याकडेच आहे.

तुझा भाऊ,
व्यंकट